वंशावळीतल्या ‘कन्या २’ कोण होत्या, तिथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या घराण्याचं पहिलं कुलसंमेलन तीन वर्षांपूर्वी मूळ गावी झालं. दोनशेच्या वर माणसं आली, भाषणं झाली, सत्कार झाले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. आज त्या ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवस एवढंच उरलंय. आजोबांच्या चुलतभावांनी वंशावळीची वही केली होती, ती अर्धवट राहिली आहे. दुसरं संमेलन घ्यायचं म्हटलं तर तरुण मुलं उत्साह दाखवत नाहीत, आणि भावकीतल्या दोन घरांचा एकमेकांशी अबोला आहे. कुठून सुरुवात करावी?’

मी कुलवृत्तांताचं काम गेली बावीस वर्षं करते आहे. आधी माहेरच्या घराण्याचं केलं, मग सासरच्या, आणि पुढे ओळखीतून आलेल्या पाच-सहा घराण्यांच्या कामात हातभार लावला. तुम्ही लिहिलंय ते मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहिलं आहे, अगदी त्याच क्रमाने. त्यामुळे माझं म्हणणं आधीच सांगते. वहीत लेकींच्या शाखा आहेत का ते बघा. नसतील तर संमेलन वर्षभर पुढे ढकला आणि आधी त्या भरा. ग्रुप थंड पडणं, मुलं न येणं, भावकीतला अबोला, या तिन्हींतून बाहेर पडायची वाट मला तिथूनच सापडली आहे.

पण त्याच्याही आधी ती वही सांभाळा. ती एकुलती एक प्रत आहे, आणि अर्धवट म्हणून कुणीतरी ती माळ्यावर टाकायच्या आत तिचं प्रत्येक पान मोबाइलने टिपून घ्या. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. मुखपृष्ठ, कोरी दिसणारी पानं, आत ठेवलेल्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, सगळं. समासातली बारीक अक्षरं सोडू नका. नोंद करणाऱ्याला ज्या गोष्टीची खात्री नव्हती ती त्याने समासातच लिहिलेली असते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्यातून कागद पुन्हा सुटा होत नाही. फोटोंच्या प्रती तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा. एवढं झालं की मग पुढचं.

आमच्या पहिल्या संमेलनासाठी मी ड्रॉइंग पेपर जोडून जोडून सभागृहाच्या भिंतीएवढा वंशवृक्ष काढला होता. जुन्या वहीवरून, माझ्याच हाताने. वहीत मुलगे नावानिशी होते आणि प्रत्येक भावंडांच्या रांगेच्या शेवटी ‘कन्या २’, ‘कन्या ४’ असं लिहिलेलं होतं. मीही तसंच उतरवलं. सकाळी माणसं जमायला लागली तेव्हा माझी एक चुलतआत्या त्या कागदासमोर येऊन उभी राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांची. चष्मा वर-खाली करत तिने आधी आपल्या वडिलांचं नाव शोधलं, खाली तिघा भावांची नावं बोटाने ओलांडली आणि बोट ‘कन्या २’ वर ठेवलं. मला म्हणाली, ‘यातली पहिली मी का दुसरी?’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्याच घरातली लेक, आणि ते दोन शब्द माझ्याच अक्षरात होते. मी तिला खुर्ची दिली, शिसपेन्सिल घेतली आणि म्हटलं, आत्या, तू सांग, मी लिहिते. पहिली ती. दुसरी तिची धाकटी, जी सासरी पहिल्याच बाळंतपणात गेली. तिचं नाव घेणारी त्या सभागृहात आत्या एकटीच उरली होती. मग तिने स्वतःची मुलं सांगितली, मुलींची सासरं, नंतर चुलत बहिणींच्या घरांकडे वळली. पंगत मांडली गेली तोवर साठाच्या वर नावं झाली होती. हातात कागदाचा चिटोराही नव्हता. मध्येच थांबून ‘थांब, तिच्या आधी एक मुलगा होता, तो बाराव्या दिवशी गेला’ असंही सांगत होती.

हे तिला कसं माहीत? पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. त्या घरात जन्मलेली बरीचशी मुलं लेकींची, आणि ती कुणाच्या पाठीवर कोण, कोण जगलं, कोण गेलं, हे बाळंतिणीची खोली सांभाळणाऱ्या बायकांनाच ठाऊक. शिवाय लेकीला दोन्ही घरं तोंडपाठ असतात. पुरुषांना विचारलं की जमिनीचे तुकडे आणि भावांचे क्रम कळतात. बायकांना विचारलं की माणसं कळतात. म्हणून मी आता कुठल्याही घराण्यात गेले की वयाने सगळ्यांत मोठी आत्या कोण, हे आधी विचारते.

कुणाला हा निव्वळ भावनेचा मुद्दा वाटला तर साधा हिशेब करून बघा. एका जोडप्याला चार मुलं, दोन मुलगे आणि दोन मुली, आणि पुढे प्रत्येक पिढीत प्रत्येकाला तितकीच मुलं झाली असं धरा. मुलांची पिढी पहिली धरली तर चौथ्या पिढीत त्या जोडप्याचे वंशज भरतात २५६. आपल्या रूढ वंशावळीच्या रीतीने, म्हणजे फक्त मुलग्यांकडून मोजले, तर ३२. बाकीचे २२४ लोक त्याच आजी-आजोबांचे, पण वहीच्या दृष्टीने नाहीतच. त्यांना कुणी कधी फोन केलेला नसतो. तुम्ही म्हणता तरुण मुलं येत नाहीत. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना बोलावलंच गेलं नव्हतं की काय, ते तपासून बघा.

समितीत यावर एक आक्षेप हमखास येतो: ‘लेकींची मुलं दुसऱ्या कुळाची, मग थांबायचं कुठे?’ प्रश्न रास्त आहे. मी जी रेघ ओढते ती अशी: छापील ग्रंथात लेक, जावई, त्यांची मुलं आणि नातवंडं, सगळी नावानिशी. कॉम्प्युटरवरच्या फाइलला मर्यादा नाही, ज्याला पुढे भरायचं त्याने भरावं. बऱ्याच संमेलनांत माहेरवाशिणींची खणा-नारळाने ओटी भरतात. जरूर भरा, पण तक्त्यावर नाव त्याच्या आधी लिहा.

नोंदी करताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: प्रत्येक स्त्रीची दोन्ही नावं लिहायची, माहेरचं आणि सासरचं. लग्नात नाव बदलायची रीत असल्यामुळे जुन्या कागदांत एकच बाई दोन वेगळ्या बायका होऊन बसते. मी एकदा आठ महिने एका आजीच्या ‘हरवलेल्या बहिणीचा’ शोध घेत होते. ती आजीच होती, माहेरच्या नावाने. पुरुषांच्या बाबतीत अडचण वेगळी. आजोबांचं नाव नातवाला ठेवल्याने तेच नाव एक पिढी आड पुन्हा येतं, आणि घरात त्यांना त्या नावाने कुणी ओळखतच नाही. आप्पा, भाऊ, तात्या, बापू ही हाक मारायची नावं लिहिली नाहीत तर पुढच्या पिढीला सांगितलेली गोष्ट नक्की कुणाची, ते कळणार नाही.

क्रमांकाची पद्धत सोपी ठेवा. मूळ जोडपं १. त्यांचं तिसरं अपत्य १.३, त्याचं दुसरं १.३.२. जन्मक्रमाने, मुलगा-मुलगी असा भेद न करता. बालपणी गेलेल्या मुलांनाही क्रमांक द्या, नाहीतर आईच्या आठवणीतला क्रम आणि तुमचा क्रम जुळत नाही. दत्तक गेलेला माणूस दोन ठिकाणी येतो, जन्मघरी आणि दत्तकघरी. दोन्हीकडे लिहून एकमेकांचा संदर्भ द्या. आते-मामे भावंडांत लग्नं झालेल्या घराण्यांत दोन फांद्या पुन्हा एकत्र येतात आणि कागदावरचं झाड गोंधळतं. तिथे सॉफ्टवेअर लागतंच. ग्रॅम्प्स हे मोफत आहे, देवनागरी नीट घेतं. कुठलंही वापरा, पण त्यातून जेडकॉम (GEDCOM) या, वंशावळीच्या इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या स्वरूपात फाइल बाहेर काढता आली पाहिजे, म्हणजे उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी काम वाया जात नाही. आणि टायपिंग युनिकोडमध्येच करा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे कितीतरी कुलवृत्तांत जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. फाइल उघडली तर नुसती चिन्हं दिसतात, त्यात नाव शोधताच येत नाही.

आंतरजातीय लग्नं, दुसरी लग्नं, घटस्फोट हेही याच ओघात सांगते. जुन्या वहीत एखादी फांदी मध्येच तुटलेली दिसली, पुढे काहीच नाही, तर तो माणूस निपुत्रिक असेलच असं नाही. अनेकदा त्याने किंवा तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं असतं. अशा फांद्या शोधून जोडा, कसलीही टिप्पणी न करता, इतरांच्या नोंदीसारखीच नोंद करा. अशा घरांतून आलेली माणसं संमेलनात सगळ्यांत शेवटपर्यंत थांबलेली मी पाहिली आहेत.

आता कागद. लोक उठून थेट तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघायला त्र्यंबकेश्वरला निघतात. त्याआधी घरातलंच एक कपाट उघडा. कुटुंबात कुणी जात पडताळणी केली असेल तर त्या फाइलमध्ये वंशावळीचं शपथपत्र असतं, सोबत वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे दाखले आणि जुने उतारे. कुणीतरी महिनोन् महिने खेटे घालून जमवलेलं हे भांडार असतं आणि काम झाल्यावर ते कुणी पाहत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात तर गावोगावी लोकांनी पणजोबांपर्यंतचे कागद बाहेर काढले आहेत. अशा फाइलींतून दोन-तीन पिढ्या एका दुपारीत उभ्या राहतात. मात्र त्या असतात फक्त बापाकडच्या.

लेकींची नावं मिळतात ती जमिनीच्या दप्तरातल्या वारस फेरफारात. एखादा खातेदार वारला की त्याच्या वारसांची नोंद होते, आणि त्यात मुलींची नावं बहुधा सासरच्या नावासकट येतात. बऱ्याच तालुक्यांतले जुने फेरफार आता स्कॅन झाले आहेत, ऑनलाइन पाहता येतात. ‘कन्या २’ या शब्दांमागची नावं मला अनेकदा इथेच सापडली. शाळेचं जनरल रजिस्टर जन्मतारखेसाठी बघतात, पण १ जून दिसली की जपून. शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की मास्तर तीच लिहीत. आपल्याकडे एका पिढीतले निम्मे आजोबा १ जूनला जन्मलेले आहेत ते यामुळे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधीच्या नोंदी गावच्या नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, मिळू शकतात. त्या पुष्कळदा मोडी लिपीत असतात.

आणि मग त्र्यंबकेश्वर, नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आडनाव आणि मूळ गाव यांवरून लागतात. जाताना आडनाव बदलण्याआधीचं उपनाम, मूळ गाव, त्याचा जुना तालुका एवढं हाताशी ठेवा. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं नाव सांगून खाली सही केलेली असते. पणजोबांची सही पहिल्यांदा पाहताना काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही. शक्य असेल तर घरातल्या एखाद्या मुलाला सोबत न्या. आणि निघताना तुमच्या पिढीची नोंद करून या, लेकी-सुनांसकट. कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यात हेळवी येत असत, अजूनही काही घरी येतात. ठरलेल्या घरांची वंशावळ तोंडाने म्हणायची, नवे जन्म वहीत चढवायचे, धान्य घेऊन पुढे जायचं. विदर्भ-खानदेशात हेच काम भाटांनी केलं. तुमच्या घराण्याचा हेळवी किंवा भाट ठाऊक असेल तर तो वार्धक्याला टेकायच्या आत त्याचं म्हणणं ध्वनिमुद्रित करा.

मोडी कागदांवरचे सन पाहून अनेक जण गडबडतात. पानिपताची लढाई आपल्याला १४ जानेवारी १७६१ म्हणून ठाऊक आहे. तोच दिवस शक गणनेत १६८२, सुहूर सनात ११६१ आणि फसलीत ११७० मध्ये येतो. म्हणजे इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून चैत्रापर्यंतचा दिवस असेल तर ७९. सुहूरात ५९९ किंवा ६००, फसलीत ५९० किंवा ५९१. कागदावर कुठला सन आहे हे न बघता आकडा घेतला की एखादा माणूस आपल्या बापाच्या आधी जन्मतो. मोडी शिकायची इच्छा असलेला एक तरी तरुण घराण्यात निघतो. त्याला पुराभिलेख विभागाच्या किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या वर्गाची माहिती काढून द्या. आमच्याकडे हे काम एका इंजिनीअरिंगच्या मुलीने घेतलं. संमेलनाला ‘बोअर होतं’ म्हणून न येणारी ही मुलगी पुढच्या संमेलनात पणजोबांचं गहाणखत मोठ्याने वाचून दाखवत होती.

तरुणांबद्दल माझा अनुभव एवढाच आहे: त्यांना आमंत्रण पुरत नाही, काम लागतं. खुर्चीवर बसून सत्कार बघायला ती येत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. कुणाला जुने फोटो स्कॅन करू द्या, कुणाला तक्ता करू द्या, कुणाला आजीची मुलाखत घेऊ द्या. मुलाखतीला पाठवताना एवढंच सांगा की ‘घराण्याचा इतिहास सांगा’ असं विचारू नको. त्यावर आजी म्हणते, ‘मला काय ठाऊक, आजोबांना विचार.’ विचारायचं ते असं: पाणी कुठून आणायचात? एका वेळी पंगतीला किती माणसं? तुझ्या लग्नात तुला घ्यायला कोण आलं होतं? माहेरी जायला काय वाहन होतं, सोबत कोण यायचं? शेवटच्या प्रश्नाने मला एका घराण्याची अख्खी तुटलेली शाखा मिळवून दिली. आजीला माहेरी पोचवायला येणारा तो ‘चुलत दीर’ कुठल्याच वहीत नव्हता.

आता अबोल्याकडे येते. इथे घाई करू नका. वंशावळ विचारत फिरणाऱ्या माणसाकडे भावकी आधी संशयानेच पाहते, कारण वारसांची यादी कशाला लागते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पहिल्या भेटीतच सांगून टाका की सातबारा आम्हाला नको, कुठल्याही कागदावर सही नको. आणि हे शब्दशः पाळा. समितीतल्या कुणी संमेलनाच्या गर्दीचा फायदा घेऊन एखाद्या कागदावर सही मागितली तर पुढची दहा वर्षं तुमचं काम बसतं.

यात लेकींचं एक जुनं दुखणं आहे ते मोकळेपणाने लिहिते. १९५६ च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क मिळाला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींना मुलांच्या बरोबरीने बसवलं. प्रत्यक्षात अनेक घरांत आत्याला माहेरचं बोलावणं येतं ते हक्कसोडपत्रापुरतं. साडी, जेवण, तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे अंगठा, आणि परत एसटीत. अशा आत्याला तुम्ही संमेलनाचं आमंत्रण द्यायला फोन केलात तर तिच्या मनात पहिली शंका कोणती येईल ते ओळखा. म्हणून पहिला फोन आमंत्रणाचा नको. तिला माहिती विचारा. जिला आजवर फक्त सही विचारली, तिला कुणी पहिल्यांदा काही सांगायला सांगतं आहे, हा फरक तिला फोनवरच कळतो.

एका घराण्यात विहिरीच्या पाळीवरून दोन सख्ख्या भावांची घरं सतरा वर्षं कोर्टात होती. पहिल्या संमेलनाला एक घर आलं, दुसरं नाही. पुढच्या वेळी आम्ही त्या दोघांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो आणि त्यांच्या आईबद्दलचं एक पान लिहायला सांगितलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून नात लिहायला बसली. बाईंनी दोन्ही भावांना वेगवेगळं बोलावलं, ‘आईचं मला एवढंच आठवतं, पुढचं तू सांग’ म्हणून. दोघांनी सांगितलं. संमेलनात ते पान वाचलं गेलं तेव्हा दोघे भाऊ सभागृहाच्या दोन टोकांना बसले होते. एकमेकांशी बोलले नाहीत. दावाही मिटला नाही. पण दोघांची मुलं त्या दिवशी एकमेकांचे नंबर घेऊन गेली, आणि पुढे एकाच्या घरी सुतक आलं तेव्हा दुसऱ्याच्या घरून भाकरी-पिठलं गेलं. तुमच्याकडच्या दोन घरांबाबत याहून मोठी अपेक्षा धरू नका, आणि व्यासपीठावर हस्तांदोलन तर अजिबात घडवू नका.

प्रत्यक्ष संमेलनाच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, कारण एकदा घेतल्यामुळे तुम्हाला व्यवस्था ठाऊक आहे. एवढंच बदला. भाषणं एकूण अर्ध्या तासात बसवा. भिंतीवरचा तक्ता जेवणाच्या जागेजवळ लावा, शेजारी पेन्सिली ठेवा, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘चुकलं असेल तर इथेच दुरुस्त करा.’ त्या भिंतीपाशी जितकी बोलणी होतात तितकी व्यासपीठावरून कधी होत नाहीत. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाच्या वर शाखेचा रंग आणि क्रमांक टाका, म्हणजे १.३.२.४.१ आणि १.३.५.२.३ एकमेकांना पाहून थांबतात. मूळ गाव आडबाजूला असेल आणि उतरायची सोय नसेल तर सकाळी कुलदैवताचं दर्शन, बाकीचा दिवस जवळच्या शहरात. ऐंशीच्या आजीला शौचालय जवळ हवं, हा स्थळ निवडताना माझा पहिला निकष असतो. कोकणातल्या घराण्यांनी गणपती किंवा शिमग्याला सगळे येतातच तर तेव्हाच घेऊ, असा मोह टाळावा. त्या दिवसांत घरातल्या बायकांना मान वर करायला सवड नसते, आणि लेकी आपापल्या सासरी अडकलेल्या असतात. वर्गणीचा हिशेब आठ दिवसांत, पावत्यांसकट ग्रुपवर.

मोठं संमेलन दरवर्षी नको. तीन वर्षांनी एकदा पुष्कळ. मधल्या काळात शाखांनी आपापलं छोटं जमावं, वीस-तीस माणसं, कुणाच्या तरी घरी. ग्रुपचंही असंच करा. दोनशे जणांच्या ग्रुपवर कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येक शाखेला एक संपर्कमाणूस नेमा, त्याच्याकडे दहा-बारा घरं, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक घरी फोन. जन्म, लग्न, मृत्यू, घर बदललं का, एवढंच विचारायचं आणि नोंद करायची. हे काम मी शक्यतो माहेरवाशिणींकडेच देते. मोठ्या ग्रुपवर महिन्यातून एक जुना फोटो टाका, खाली एकच प्रश्न: ‘डावीकडून तिसरी कोण?’ सुप्रभातला उत्तर न देणारी माणसं यावर वाद घालतात. आणि ओळख पटली की मूळ फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नाही. त्याचा वळ पुढून उमटतो.

ग्रंथ छापायची घाई करू नका. छापला की लोक दुरुस्त्या कळवायचे थांबतात, आणि जे चुकीचं छापलं ते खरं ठरतं. छापाल तेव्हा जिवंत माणसांच्या पूर्ण जन्मतारखा, पत्ते आणि फोन नंबर त्यात घालू नका. जन्मसाल पुरे. आजकाल आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख एवढ्यावर फसवणुका होतात, आणि कुलवृत्तांतात नेमकं तेच एका ओळीत असतं. ज्याला आपलं नाव नको असेल त्याचं काढा, कारण न विचारता.

आता तुमच्या हातातलं पहिलं काम. वहीत जिथे जिथे ‘कन्या’ असा नुसता आकडा आहे ती पानं काढून ठेवा आणि घराण्यातल्या सगळ्यांत वडील आत्याला, दुपारचं जेवण आटोपून ती निवांत बसते त्या वेळी फोन करा. संमेलनाचं नाव काढू नका. वडिलांच्या पाठीवरच्या बहिणी किती होत्या, एवढं विचारा, आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नका. शेजारी पेन्सिल आणि भरपूर कोरे कागद असू द्या, फोन चार्जिंगला लावलेला असू द्या. तिने ज्यांची नावं घेतली त्यांतली हयात कोण हे शेवटी विचारा, आणि त्यांचे नंबर तिच्याकडूनच घ्या.